पेशंटला न्यायला आलेली गाडी

तिचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथंच राहिलं होतं. बाकी सगळे तिला शिट्टीमावशी म्हणत. चार मजली वाहनतळाच्या दारात, पत्र्याच्या खोक्याएवढ्या केबिनमध्ये ती एकवीस वर्षं बसत आली होती. गळ्यात शिट्टी, हातात लेबलांची गुंडाळी. गाडी आली की एक नारिंगी लेबल फाडायचं, त्यावर वेळ घालायची आणि पुढच्या काचेला आतून लावायला सांगायचं. काम एवढंच. पण ती ते असं करायची, की मोठमोठे साहेबही काच खाली करून आधी "मावशी, बरी आहेस ना?" विचारत आणि मग लेबल घेत.

एकवीस वर्षं काचा बघून बघून तिला एक खोड लागली होती. लोक तोंडावरून माणूस ओळखतात, ती काचेवरून ओळखायची. ज्याच्या काचेवर तीन-तीन व्यायामशाळांची लेबलं, तो हमखास लिफ्टला खेटून जागा मागणार. ज्याच्या काचेवर वकिलाची पट्टी, तो पाच मिनिटांवरून पाऊण तास वाद घालणार. आणि ज्याची काच अगदी लख्ख, एकही लेबल नाही, त्याच्यापासून जरा जपूनच राहायचं, असं तिचं मत होतं. "एवढ्या आयुष्यात ह्याला कुठल्याच दारातून आत शिरावं लागलं नाही?" असं ती म्हणायची.

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला एक फिकट निळी, जुनी गाडी बाहेर पडायच्या उतारावरून आत आली. म्हणजे सगळ्या गाड्या खाली उतरतायत आणि ही एकटी वर चढतेय. एकच गलका झाला. भोंगे, शिव्या, ब्रेकांचे आवाज. मावशी केबिनमधून धावत सुटली आणि शिट्टी फुंकत उताराच्या मधोमध उभी राहिली. वरून येणाऱ्या गाड्या तिनं हात आडवा करून थांबवल्या आणि निळ्या गाडीला खुणेनं बाजूच्या मोकळ्या जागेत घेतलं. गाडी तिथं शिरली ती मात्र अशी अलगद आणि सरळ, की जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाचाच तो हात असावा.

काच खाली झाली. आत पंचाहत्तरीचे एक गृहस्थ होते. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. पण एका गालाची दाढी केलेली आणि दुसऱ्या गालाची राहिलेली. मावशीनं खाली वाकून पाहिलं, तर पायात घरात घालायच्या सपाता.

"हॉस्पिटलचं पुढचं दार बंद का केलंत?" त्यांनी तक्रारीच्या सुरात विचारलं. "तीन फेऱ्या मारल्या मी."

शेजारच्या जागेवर हॉस्पिटल होतं खरं, पण ते पाडून अकरा वर्षं झाली होती. आता तिथं काचेच्या भिंतींची कचेरी उभी होती.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, "आजोबा, कुठलं हॉस्पिटल? ते कधीच गेलं." पण मावशीची सासू शेवटची चार वर्षं अशीच होती. भर दुपारी उठून माहेरी निघायची. त्या चार वर्षांत मावशी एकच धडा शिकली होती. अशा माणसाला 'नाही' म्हणायचं नाही. 'नाही' म्हटलं की ते घाबरतं आणि घाबरलं की पळतं.

"दुरुस्ती चाललीय," ती म्हणाली. "कुणाला भेटायचंय आपल्याला?"

"भेटायचं नाही, न्यायचंय. आमच्या मंडळींचं ऑपरेशन आहे. सकाळी सातला आत नेलंय. तीन तास म्हणाले होते." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "चार तास होऊन गेले."

"होतो हो उशीर. आपलं नाव काय सांगू आत?"

"डॉक्टर म्हणा. सगळे डॉक्टरच म्हणतात."

"फोन आहे का जवळ?"

त्यांनी खिसे चाचपले. वरच्या खिशात पेन निघालं, खालच्या खिशात रुमाल. फोन नव्हता, पाकीट नव्हतं. मावशीनं गोड बोलून समोरच्या कप्प्यातली गाडीची कागदपत्रं मागून घेतली, "लेबल करायला लागतात" म्हणून. त्यावर नाव होतं, पत्ता होता. तिनं पोलिसांना फोन लावला. तिकडून एक सालस आवाजाचा हवालदार बोलला. त्यानं पत्ता लिहून घेतला आणि वीस मिनिटांनी उलट फोन केला. "मावशी, त्या पत्त्यावर आता दुसरंच बिऱ्हाड आहे. हे लोक नऊ वर्षांपूर्वी मुलीच्या जवळ राहायला गेले म्हणे. कुठं, ते कुणाला ठाऊक नाही. हरवल्याची तक्रारही अजून आलेली नाही. आमची गाडी पाठवतो, पण तासभर तरी लागेल. तोपर्यंत त्यांना बसवून ठेवा. काही झालं तरी रस्त्यावर जाऊ देऊ नका."

बसवून ठेवा म्हणणं सोपं होतं. किल्ली डॉक्टरांच्या हातात होती आणि ते दर दोन मिनिटांनी म्हणत होते, "ती मागच्या दारानं आली असेल. उन्हात उभी राहील बिचारी. मी एक चक्कर मारून येतो."

एवढ्यात पर्यवेक्षक जिना उतरून आला. पाठीमागं सगळे त्याला नियमावली म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण छापलेल्या ओळीपलीकडे त्याला जग दिसत नसे. केबिन रिकामी, दारात चार गाड्या खोळंबलेल्या आणि मावशी एका गाडीच्या खिडकीशी गप्पा मारतेय, हे बघून त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"मावशी, हे काय चाललंय? ही गाडी रेघेच्या बाहेर उभी आहे."

मावशीनं त्याला खांबाआड ओढलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"पोलिसांना कळवलंस ना? मग आपलं काम संपलं," नियमावली म्हणाला. "माणूस ठेवून घ्यायची आपल्याकडे सोय नाही. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"आणि आत्ता बाहेर जाऊन काही झालं तर?"

त्यावर तो काही बोलायच्या आत गाडी चालू झाल्याचा आवाज आला. मावशी वळली. निळी गाडी हळूहळू मागं सरकत होती.

ती पळाली. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, पण ती अशी पळाली की नियमावली बघतच राहिला. गाडीनं पुढचा गिअर टाकला, तेव्हा ती समोर, बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून उभी होती.

"डॉक्टर!" ती ओरडली. "लेबल लावल्याशिवाय बाहेर नाही जाता येत!"

गाडी थांबली. डॉक्टरांनी मान बाहेर काढली. "कसलं लेबल?"

मावशीनं एका श्वासात जे सुचलं ते सांगितलं. "पेशंटला न्यायला आलेल्या गाडीचं वेगळं लेबल असतं. ते नसलं तर परत आत घेत नाहीत. मग त्या बाहेर येतील आणि तुम्ही रस्त्यावर. पाच मिनिटं थांबा, करून आणते."

डॉक्टरांनी विचार केला. सगळा जन्म नियमानं वागलेला माणूस तो. "असं आधी सांगायचं," ते म्हणाले आणि त्यांनी गाडी बंद केली.

मावशीनं केबिनमधून नारिंगी लेबल फाडून आणलं, त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'पेशंटला न्यायला आलेली गाडी', आणि चिकटपट्टीनं ते काचेला लावलं. डॉक्टरांनी ते नीट वाचलं. मग म्हणाले, "शिक्का?"

मावशीनं नियमावलीकडे पाहिलं. शिक्का त्याच्याच खिशात असायचा, कुणाच्या हातात तो देत नसे. असं लेबल कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पण गाडीत बसलेला तो अर्ध्या दाढीचा माणूस त्याच्याकडे इतक्या विश्वासानं बघत होता, की त्यानं मुकाट्यानं शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि लेबलावर उमटवला. वर सहीसुद्धा केली.

"आता कसं!" डॉक्टर म्हणाले आणि पाठ टेकून बसले.

आता मावशीला श्वास घ्यायला उसंत मिळाली आणि तिची नजर आपोआप काचेवर गेली. ती काच म्हणजे भरलेली वहीच होती. कागदपत्रांत नऊ वर्षांपूर्वीचा पत्ता होता हे खरं, पण माणूस जिथं राहतो, जिथं जातो, ते सगळं काचेवर कुठं ना कुठं चिकटलेलंच असतं. तिनं पदर खोचला आणि वरच्या कोपऱ्यापासून वाचायला सुरुवात केली.

वर उजवीकडे एक हिरवं, गोल लेबल होतं. राहत्या इमारतीचं. मध्ये झाडाचं चित्र, खाली त्रेचाळीस आकडा. पण इमारतीचं नाव उन्हानं पार खाऊन टाकलं होतं. झाडं असलेल्या इमारती शहरात पैशाला पासरी. त्याच्याखाली पोहण्याच्या तलावाचं निळं लेबल होतं, त्यावर 'पालक' असं लिहिलेलं आणि एक फोन नंबर. मावशीनं लावून पाहिला. घंटी वाजून वाजून थकली, कुणी उचललं नाही. बहुधा तलाव मंगळवारी बंद.

मधोमध, आरशाच्या मागं, एक मोठं लाल चिन्ह होतं आणि त्याखाली 'पशुवैद्य'.

"म्हणजे तुम्ही जनावरांचे डॉक्टर?" मावशीनं विचारलं.

"छत्तीस वर्षं," डॉक्टर एकदम ताठ बसले. "पण लोक नीट वाचतात कुठं? लाल चिन्ह दिसलं की धावलेच. एकदा रस्त्यात एका म्हातारीनं गाडी अडवली. म्हणाली, डॉक्टर, सुनेची वेळ आलीय, चला. म्हटलं, आजी, मी गाई-म्हशींचा डॉक्टर. तर म्हणते कशी, वासरू असो की बाळ, यायची वाट तीच ना? चला गुपचूप!"

"मग?"

"मग काय, गेलो. माझे हात लटलट कापत होते. पण मुलगी झाली, ठणठणीत. म्हातारीनं मला शेवटपर्यंत 'गाईचे डॉक्टर' म्हणूनच हाक मारली."

मावशी हसली, नियमावलीही हसला. मावशीच्या ध्यानात आलं, की हा माणूस आज काय वार आहे ते सांगू शकत नाही, पण काचेवरच्या लेबलांना हात लावला की बोलायला लागतो. तिनं काचेच्या खालच्या कोपऱ्यातलं पिवळं चित्र दाखवलं. लहान मुलांच्या वहीत असतात तसलं, उचकटून निघायला आलेलं.

"आणि ही कोंबडी कुणी लावली?"

"कोंबडी?" डॉक्टर दुखावले. "बाई, मी छत्तीस वर्षं हेच केलंय. ते बदक आहे. नातीनं लावलंय. ही पुसायला लागली की सगळंच पुसते, म्हणून ती हिला बजावून गेलीय, आजी, माझं बदक पुसायचं नाही."

"कोण पुसते? आजी?"

"आमची मंडळी. काच दिसली की तिला फडकं सुचतं. गॅरेजवाल्यानं नंबर लिहून दिला होता, तोसुद्धा पुसला अर्धा." त्यांनी आतल्या बाजूच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

तिथं एक छोटं पांढरं लेबल होतं. गाडीचं ऑइल बदललं की गॅरेजवाले लावतात तसलं. ते आतल्या बाजूला तोंड करून होतं, म्हणून मावशीला बाहेरून दिसलंच नव्हतं. तिनं दार उघडून वाकून पाहिलं. तारीख चार महिन्यांपूर्वीची. म्हणजे ताजं! त्याखाली किलोमीटरचा आकडा आणि त्याखाली पेनानं लिहिलेला फोन नंबर. नऊ आकडे स्वच्छ. दहावा फडक्यानं गेलेला.

"एकच आकडा गेलाय," ती कुजबुजली.

"एक गेला काय आणि पाच गेले काय," नियमावली म्हणाला. "अपुरा नंबर तो अपुराच."

"साहेब, शेवटी शून्य ते नऊ. दहाच तर शक्यता आहेत. मी ह्यांच्याशी बोलत बसते, तुम्ही लावा."

"मी? अनोळखी लोकांना? सरकारी वेळेत?"

मावशीनं त्याला नऊ आकडे वाचून दाखवले. नियमावलीनं चष्मा पुसला, खांबाला टेकला आणि शून्यापासून सुरुवात केली.

शून्याचा नंबर अस्तित्वातच नव्हता. एकावर एक बाई होत्या, त्यांना वाटलं बँकेतून फोन आलाय, त्यांनी झाडायला सुरुवात केली. नियमावली तिकडून म्हणत होता, "बाईसाहेब, सदर फोन करण्याचं प्रयोजन एवढंच, की आपण गॅरेज चालवता काय?" त्यावर बाईंनी काय सांगितलं ते त्यानं मावशीला सांगितलं नाही, पण त्याचे कान लाल झाले. दोनवर कुणी उचललं नाही. तीनवर एक झोपाळू माणूस होता, तो म्हणाला, गॅरेज नाही, पण गाडी विकायची असेल तर बोला. चारवर एका लहान मुलीनं फोन घेतला आणि ठेवायलाच तयार होईना, तिला आपल्या पडलेल्या दाताची सगळी हकिगत सांगायची होती. नियमावलीनं ती ऐकून घेतली. अगदी शेवटपर्यंत.

इकडे डॉक्टरांची चुळबुळ पुन्हा सुरू झाली होती. ऊन सरकून बॉनेटवर आलं होतं. मावशीनं आपल्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं. ते घटाघट प्यायले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही आतले आहात, म्हणून विचारतो. खरं सांगा. काही वाईट तर झालं नाही ना? ते सांगत नाहीत. माणसाला नुसतं बसवून ठेवतात."

हा माणूस कधीतरी खरोखरच इथं बसला होता, हे मावशीला आता स्वच्छ दिसलं. पुढं काय झालं होतं हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. ती बायको वाचली होती? घरी वाट बघणारं कुणी होतं, की हा माणूस गेलेल्या बाईला न्यायला आला होता? काच पुसणारी आजी आजची की कालची? सगळं नीट झालंय म्हणावं, तर ते खोटं असलं म्हणजे?

"वाईट असतं तर लगेच सांगतात," ती शेवटी म्हणाली. "उशीर लागतो तो चांगल्यालाच."

"हो का?" डॉक्टर म्हणाले. "हे बरं सांगितलंत."

पाच. सहा. सात. सातवर नियमावलीचा आवाज एकदम बदलला. "काय म्हणालात? गॅरेज? आपण गॅरेजच ना? थांबा, थांबा, ठेवू नका!" त्यानं फोन मावशीच्या हातात कोंबला, जणू तो तापला होता.

"निळी गाडी," मावशी भराभर बोलली. "फिकट निळी, जुनी, काचेवर लाल चिन्ह, पशुवैद्य..."

"आणि कोपऱ्यात बदक!" पलीकडून गॅरेजवाला म्हणाला. "आमच्या डॉक्टरांची! पण ती गाडी आता त्यांची मुलगी चालवते. डॉक्टरांना तर बंदी आहे. का हो, काय झालं?"

मावशीनं सांगितलं. मग श्वास रोखून विचारलं, "घरी कोण असतं त्यांच्या? बायको आहे?"

"आहे म्हणजे? गेल्या वेळी बिलावरून तासभर भांडून गेल्या! थांबा, मी लावतो त्यांना फोन. तुम्ही डॉक्टरांना हलू देऊ नका."

मावशीनं फोन खाली ठेवला आणि तिथंच खांबाच्या कट्ट्यावर बसली. "आहे," ती नियमावलीला म्हणाली. "बाई आहे. भांडते म्हणे."

"हुश्श," नियमावली म्हणाला आणि आपण काय म्हणालो हे कळून इकडंतिकडं पाहू लागला.

अर्ध्या तासानं एक रिक्षा दाराशी थांबली. त्यातून आधी डॉक्टरांची चाळिशीतली मुलगी उतरली, कामावरून तशीच आलेली, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र. तिच्यामागून एक लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांची छाती धपापत होती. मुलगी पळत गाडीकडे निघाली, पण बाईंनी तिला दंडाला धरून थांबवलं आणि आधी मावशीकडे आल्या.

"रक्त तपासायला गेले होते मी कोपऱ्यावर," त्या सांगू लागल्या. मावशीनं काही विचारलंही नव्हतं. "अर्ध्या तासाचं काम, तर तिथं रांग. हे दाढी करत होते. परत आले तर घर उघडं, आणि खाली गाडीची जागा रिकामी. किल्ली मी पिठाच्या डब्यात लपवली होती हो! दुसरी किल्ली कुठं आहे हे मला माहीत नव्हतं, मुलीला माहीत नव्हतं. यांनी ती आठ वर्षांपूर्वी कपाटाच्या मागं खिळ्याला लावली होती म्हणे. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही आणि खिळा आठवतो! गल्लीन् गल्ली पालथी घातली आम्ही. पोलिसात जायला निघालो आणि गॅरेजवाल्याचा फोन आला."

"ते तुम्हाला न्यायला आलेत," मावशी म्हणाली. "तुमचं ऑपरेशन आहे म्हणाले. सकाळी सातला आत नेलंय."

बाईंनी वळून शेजारच्या काचेच्या कचेरीकडे पाहिलं आणि मग त्यांना कळलं आपण कुठं उभ्या आहोत ते.

"ते झालं त्याला चोवीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "तीन तास सांगितले आणि नऊ लागले. हे बाहेर बसून होते. मी शुद्धीवर आले तेव्हा मुलीनं सांगितलं, बाबांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. यांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द सांगितला नाही. मी विचारलं की म्हणायचे, बसलो होतो की मजेत, पेपर वाचत."

त्यांनी डोळे पुसले, केस नीट केले आणि गाडीकडे निघाल्या. मावशीला वाटलं, आता रागावतील. सपातांवरून, दाढीवरून, किल्लीवरून. मुलगीही मागून हळूच म्हणाली, "आई, ओरडू नकोस हं." पण बाईंनी दार उघडलं, शेजारच्या सीटवर बसल्या आणि मांडीवर पिशवी ठेवली.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. पाहतच राहिले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," बाई म्हणाल्या.

"सगळं?"

"सगळं नीट झालं. घरी जा म्हणाले. काही काळजी करायची नाही म्हणाले."

"चक्कर वगैरे?"

"अजिबात नाही."

डॉक्टरांनी दोन्ही हात चाकावरून काढले, तोंडावर घेतले आणि ते रडले. मोठ्यानं नाही, लहान मुलासारखं, खांदे हलवत. बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "पुरे, पुरे," म्हणत होत्या. "झालं ना आता. किती ती काळजी." मुलगी दाराशी उभी राहून नाक ओढत होती. नियमावली पलीकडच्या भिंतीवरची नियमांची पाटी पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा वाचत होता.

"नऊ तास लावले," डॉक्टर रुमालात म्हणाले. "मूर्ख लोक. मी तर म्हशीला सुद्धा..."

"म्हशीची आणि माझी तुलना करू नका," बाई म्हणाल्या, आणि डॉक्टर रडता रडता हसले.

मग मुलीनं समजावलं, की ऑपरेशन झालेल्या पेशंटबरोबर मागच्या सीटवर कुणीतरी बसायला हवं, तर डॉक्टरांना ते लगेच पटलं. ते उठून मागं बसले, बाई त्यांच्या शेजारी. मुलीनं चाक हातात घेतलं, सीट पुढं ओढली आणि खिडकीतून मावशीचा हात घट्ट धरला. "मी संध्याकाळी फोन करते," एवढंच ती म्हणाली. डॉक्टरांनी मात्र मागून काच खाली केली.

"बाई, तुमच्या हॉस्पिटलात माणसं चांगली आहेत," ते म्हणाले. "दार तेवढं नीट दाखवत चला."

या वेळी गाडी बरोबर उतारावरून, बरोबर दिशेनं बाहेर पडली. मावशीनं हवालदाराला फोन करून कळवलं. तोही म्हणाला, "वा, बरं झालं, आमची पहिली गाडी अडकली म्हणून मी दुसरी शोधत होतो." मग ती केबिनकडे वळली, तर दारात गाड्यांची ही रांग लागलेली. पण आश्चर्य म्हणजे एकही भोंगा वाजत नव्हता. सगळ्यात पुढचा माणूस, वकिलाच्या पट्टीवाला, काच खाली करून म्हणाला, "मावशी, भेटली का माणसं त्यांची?"

"भेटली," ती म्हणाली.

"झकास," तो म्हणाला आणि त्यानं लेबलावरची वेळ न बघताच लेबल घेतलं.

संध्याकाळी सहाला, पाळी संपायच्या वेळी, मुलीचा फोन आला. बाबा जेवले, दुसऱ्या गालाची दाढी आईनं केली आणि आता गाढ झोपलेत. कपाटाच्या मागचा खिळा उपटून टाकला आहे. मावशीनं ऐकून घेतलं, "छान, छान" म्हणाली आणि जिना चढून नियमावलीच्या खोलीत गेली. तो दिवसाचा अहवाल लिहीत होता आणि 'विशेष घटना' या रकान्यापाशी त्याचं पेन बराच वेळ अडलं होतं.

"झोपलेत," मावशीनं सांगितलं. "शांत झोपलेत."

नियमावलीनं मान हलवली. मग पेनाचं टोपण लावलं, वही मिटली आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस जरा, मावशी," तो म्हणाला. "चहा येतोय. दोन सांगितलेत."